ऑटोमोबाईल डिप्लोमात नेमकं शिकवतात काय? पाना, स्कॅनर आणि उसाची ट्रॉली

दाजींचं म्हणणं एकदम सरळ होतं. "गाड्याच दुरुस्त करायच्या असतील तर तीन वर्षं कॉलेज कशाला? उद्यमनगरात माझ्या वळखीचा मिस्त्री हाय, उद्यापासनं जाऊ दे की तिकडं." भाचा दहावी पास झालाय, सत्तरच्या आसपास टक्के आहेत आणि त्याला ऑटोमोबाईलच घ्यायचंय. ताई माझ्याकडं बघायला लागली, कारण मी तेच केलंय, डिप्लोमा इन ऑटोमोबाईल, आणि आता कोल्हापुरात शिरोलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. तेव्हा मी काहीतरी बोललो पण ते नीट जमलं नाही, दाजी मधेच फोन घेऊन बाहेर गेले, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. भाच्यासाठी आहेच, पण दरवर्षी जून-जुलैत हाच प्रश्न घेऊन चार-पाच जण तरी येतात, त्यांनाही हेच पाठवून देईन.

आधी पायऱ्या सांगतो, कारण लई घोळ इथंच होतो. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल हा २ वर्षांचा ट्रेड आहे, त्यात भर हातावर. डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निक, दहावीनंतर ३ वर्षं, ६ सेमिस्टर, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची म्हणजे आपल्या एमएसबीटीईची. त्याच्या वर बीई किंवा बीटेक. इंटरनेटवर शोधलं की "असोसिएट डिग्री" असा एक शब्द सारखा दिसतो आणि पोरं गोंधळतात, तर ती अमेरिकेतली भानगड आहे. तिथं बारावी झाली की कम्युनिटी कॉलेजात २ वर्षांचा, साधारण ६० क्रेडिटचा कोर्स असतो, त्याला असोसिएट डिग्री म्हणतात. त्यातही दोन वाटा, एक थेट नोकरीकडं जाणारी आणि दुसरी पुढं चार वर्षांच्या डिग्रीत जाऊन मिळणारी. आपल्याकडचा त्याचा जवळचा भाऊ म्हणजे डिप्लोमा, कारण इथंही तसंच आहे, डिप्लोमा करून नोकरीला लागा नाहीतर डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन इंजिनिअर व्हा. तिकडं एक गोष्ट मात्र मला आवडते. एएसई नावाची एक संस्था आहे, १९७२ सालची, ती मेकॅनिकची परीक्षा घेते, दोन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय सर्टिफिकेट देत नाही आणि दर पाच वर्षांनी परत परीक्षा द्यायला लावते. आपल्याकडं एकदा कागद भिंतीवर लागला की लागला.

मग दाजींच्या प्रश्नाचं काय? मिस्त्रीकडं पोरगा नक्की शिकेल, खोटं कशाला बोला, पाना धरायला माझ्यापेक्षा लवकर शिकेल. पण मिस्त्री त्याला काय उघडायचं ते शिकवेल, आणि डिप्लोमा, म्हणजे नीट केलेला डिप्लोमा, का उघडायचं आणि मुख्य म्हणजे काय उघडायचं नाही ते शिकवतो. पूर्वी हा फरक फार जाणवत नव्हता. आता जाणवतो, आणि तो कुठं जाणवतो ते पुढं सांगतोच.

पहिल्या वर्षी गाडी दिसतच नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पोरं पहिल्या दिवशी इंजिन खोलायला मिळेल म्हणून येतात आणि समोर काय तर गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्लिश आणि ड्रॉइंग. वर्कशॉप असतं पण त्यात एक लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानसनं घासत बसायचं, त्याला जॉब म्हणतात, गुण्यात बसला का बघायचं, नाही बसला की परत घासायचं. मी वैतागलो होतो, हाताला फोड आले होते. पण त्याच काळात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात येतो, व्हर्नियरवर ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिमीपर्यंत वाचता येतं, आणि पिस्टन न सिलिंडर यांच्यात ठेवायची फट ही अशीच मिलिमीटरच्या शतांशात मोजायची असते. "थोडं ढिलं वाटतंय" आणि "चार शतांश जास्त आहे" या दोन वाक्यांत जे अंतर आहे त्यासाठी ते पहिलं वर्ष. ड्रॉइंगमध्ये बऱ्याच जणांची दांडी उडते, तिथं जरा लक्ष द्या, बाकी निघून जातं.

दुसऱ्या वर्षी इंजिन. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट हे चार स्ट्रोक सगळ्यांनाच पाठ असतात, ओटोनं १८७६ साली जे इंजिन चालवून दाखवलं तेच तत्त्व आजही तुमच्या गाडीत आहे. पण पाठ असणं वेगळं. एक उदाहरण देतो, कोल्हापूरकराला लगेच कळेल. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता, शहरात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. पाणी उतरल्यावर लोकांनी पहिलं काय केलं तर चावी फिरवली. आता हिशोब बघा. १,२०० सीसीची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी म्हणजे एका सिलिंडरला ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो १०:१ धरला (म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा वर असतानाच्या दहापट) तर पिस्टन अगदी वर गेल्यावर उरलेली जागा किती, तर ३०० भागिले ९, म्हणजे साधारण ३३ सीसी, दोन-सव्वादोन मोठे चमचे. हवा तेवढ्या जागेत दाबून बसते, पाणी बसत नाही, पाणी दाबलं जातच नाही. म्हणजे दोन-तीन चमचे पाणी आत असलं तरी पिस्टन वर जाताना आडवतंय आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. डिझेलला रेशो १६-१८ च्या घरात, म्हणजे जागा अजून कमी. ज्याला हा भागाकार कळला तो पुरातली गाडी बघितल्यावर आधी बॅटरीची वायर काढेल, प्लग नाहीतर इंजेक्टर काढेल, पाणी बाहेर काढेल आणि मग इंजिन हातानं फिरवून बघेल. ज्यानं फक्त चार स्ट्रोक पाठ केले तो सेल मारेल.

आता ते "काय उघडायचं नाही" वालं. पेट्रोल नीट जळायला १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. पूर्वी कार्बोरेटर होता, मिस्त्री कान लावून स्क्रू फिरवायचा आणि खरंच सांगतो त्यातले काही जण जादूगार होते. आता हे काम ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर करतो. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, तो सांगतो की जळून किती ऑक्सिजन उरला, त्यावरून ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतो थोडं कमी करतो, या वाढवण्या-कमी करण्याला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचायच्या यंत्रावर, तो टक्क्यात दिसतो.

आमच्याकडं एकदा एक गाडी आली, इंजिनचा दिवा लागलेला, स्कॅनर लावला तर कोड पी ०१७१. त्याचा अर्थ मिश्रण लीन. गाडी आधी दुसरीकडं दाखवून आणलेली होती, तिथं कोड बघितला, लीन म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला असं धरलं आणि नवा सेन्सर घातला. पैसे गेले, आठ दिवसांनी दिवा परत हजर. आता इथं सेन्सरची चूक काय होती? तो बिचारा खरंच सांगत होता की हवा जास्त होतीय. घरात विस्तव लागल्यावर ओरडणाऱ्याचंच तोंड बंद करण्यातला प्रकार. कोड काय झालंय ते सांगतो, का झालंय ते सांगत नाही, हे एक वाक्य मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात ऐकवतो.

मग बघायचं कसं? एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेली गाडी असेल तर गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवायची आणि ट्रिम बघायचा, समजा अधिक २२ टक्के आला, म्हणजे ईसीयू बिचारा जादा पेट्रोल ओततोय. मग रेस देऊन २,५०० आरपीएमला धरायचं. तिथं ट्रिम खाली येऊन नॉर्मल झाला तर कुठंतरी पाइप फुटलाय किंवा गॅस्केट सुटलंय आणि चोरून हवा आत जातीय. का? कारण भोक तेवढंच आहे. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं आणि आत ओढही जोरात असते, त्यामुळं चोरट्या हवेचा वाटा मोठा. रेस दिल्यावर मुख्य दारातनंच एवढी हवा येते की भोकातली हवा किरकोळ होऊन जाते. उलट रेस दिल्यावर ट्रिम अजून वाढला तर भोक नाही, पेट्रोल कमी पडतंय, पंप नाहीतर फिल्टर बघा, किंवा एअर फ्लो सेन्सर घाण झालाय. बघा म्हणजे, एकही बोल्ट न काढता निम्मा तपास झाला. त्या गाडीत एक छोटा व्हॅक्यूम होज चिरला होता, वितभर रबर. हे आकडे कळायला जी समज लागते ती त्या कंटाळवाण्या थिअरीतनं येते, आणि तीच गॅरेजात मिळायला दहा वर्षं लागतात, तीही मिस्त्री सांगणारा असेल तर.

इलेक्ट्रिकलला पोरं घाबरतात. पण आजची गाडी म्हणजे निम्मी वायरिंग आहे. इंजिनचा कंप्युटर वेगळा, एबीएसचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, मीटरचा वेगळा, आणि हे सगळे एकमेकांशी बोलतात दोनच वायरींवर. त्याला कॅन बस म्हणतात, बॉश कंपनीनं १९८६ साली ती मांडली. सगळे त्याच दोन वायरींवर कसे बोलतात, गोंधळ होत नाही का? तालमीत बघा, चार पोरं एकदम बोलायला लागली आणि वस्तादांनी तोंड उघडलं की बाकीचे आपोआप गप, वस्तादांचं वाक्य पूर्ण होतं आणि मग राहिलेल्यांचा नंबर. कॅनवर प्रत्येक मेसेजला नंबर असतो, नंबर जेवढा लहान तेवढा मान मोठा, दोघं एकदम बोलले तर मोठ्या नंबरवाला थांबतो. या वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, ते दोन समांतर म्हणून मिटरवर मोजलं तर ६० यायला पाहिजेत. १२० आले म्हणजे एक टोक कुठंतरी तुटलंय. दोनशे-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरवर कळणारी गोष्ट आहे ही, आणि यासाठी शाळेतला समांतर रेझिस्टन्सचा नियम पुरतो.

धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, हे सगळं अजून दाट झालं. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर आला, ट्रक-बसला युरियाचं पाणी घालायची टाकी आली (३२.५ टक्के युरिया, शेतातलं पोतं फोडून घरी कालवायची गोष्ट नव्हे, कुणीतरी करून बघितलंय म्हणून सांगतोय). डिझेलमधला गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणला तो याच फिल्टर आणि कॅटलिस्टना झेपावं म्हणून.

ब्रेक हा माझा आवडता विषय, जरा थांबतो इथं. गगनबावड्याहून करूळ घाटानं वैभववाडीकडं उतरताना किती जणांनी गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवलंय? हात वर करू नका. समजा १,२०० किलोची गाडी घाटात ५०० मीटर खाली उतरली. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे जवळजवळ ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला पाहिजे. एवढ्या उष्णतेत २० लिटर पाणी उकळायला लागेल, आंघोळीची बादली भरून. न्यूट्रलमध्ये उतरलात तर थोडा वाटा वारा आणि टायर खातात, बाकी सगळी आच चार चाकांच्या ब्रेकमध्ये. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन त्यातला बराच भाग स्वतःवर घेतं आणि रेडिएटर-सायलेन्सरमधनं बाहेर टाकतं.

आणि ब्रेक तापला तर काय होतं, तर एक म्हणजे लायनरची पकड कमी होते, पण त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ३ ऑइल नवीन असताना निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, डॉट ४ असेल तर २३०. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि पुरेसं पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. आपल्याकडं गगनबावड्याला पाऊस किती असतो ते माहितच आहे. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, पुराच्या पाण्यातला जो नियम वर सांगितला तोच इथं उलटा होऊन येतो, आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं सांगितल्यावर "काळं कुठं झालंय अजून" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी हुज्जत घालतो. रंगावरनं पाणी दिसत नाही हो.

आता ट्रान्सपोर्टेशन. बाहेरच्या काही कॉलेजात गाडी आणि वाहतूक एकाच छपराखाली शिकवतात. आपल्याकडं रस्त्याचं गणित सिव्हिल डिप्लोमात आणि गाडीचं ऑटोमोबाईलमध्ये अशी वाटणी झालीय, ऑटोच्या पोरांना ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट असतं पण ते जास्त करून १९८८ चा मोटार वाहन कायदा, परमिट, विमा, डेपो, बसचं वेळापत्रक याच अंगानं. मला ही वाटणी पटत नाही. गाडी ज्याच्यावर चालते त्याचं काहीच माहीत नसलेला गाडीचा माणूस म्हणजे अर्धवटच की.

या विषयात आपला मराठी माणूस फार आधीपासून आहे. १९२७ साली इंग्रज सरकारनं रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, अध्यक्ष मुकुंदराव जयकर. त्यांच्या शिफारशींतनंच पेट्रोलवर कर लावून रस्त्यासाठी फंड उभा करायचं ठरलं आणि पुढं १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस झाली, आयआरसी. आज रस्त्यावरचं वळण किती वाकडं असावं, उतार किती असावा, बोर्ड कुठं असावा हे आयआरसीच्या पुस्तकांवरनं ठरतं. म्हणजे ठरायला पाहिजे.

त्यातलं एकच गणित देतो. समोर म्हैस आडवी आली. तुम्हाला दिसून, कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ आयआरसी २.५ सेकंद धरते. ताशी ४० नं जात असाल तर तेवढ्या वेळात २८ मीटर गाडी नुसती तशीच जाते, मग ब्रेक लागल्यावर अजून १६-१७ मीटर, एकूण ४५ मीटर धरतात. ताशी ८० ला? पोरं म्हणतात ९०. नाही, १२० मीटर. कारण विचार करायच्या वेळातलं अंतर दुप्पट होतं पण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणं म्हणजे चौपट. म्हणून वळणावरची झाडी छाटतात, म्हणून घाटमाथ्यावर ओव्हरटेक करू नका म्हणतात. वळणाचंही तसंच, ८० च्या वेगासाठी रस्ता ७ टक्के आत झुकवला तरी वळणाची त्रिज्या किमान २३० मीटर पाहिजे. त्याहून बरंच लहान वळण ८० नं घेतलंत तर गाडी बाहेर फेकायला लागते, टायर कुठल्या कंपनीचा आहे हे तिथं फारसं चालत नाही.

ट्रॅफिक मोजायची पण एक गंमत आहे. दाभोळकर कॉर्नरला तासभर उभं राहून तुम्ही गाड्या मोजल्या तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, कारण मोटरसायकल आणि केएमटीची बस सारखी जागा खात नाहीत. म्हणून सगळं कारमध्ये बदलून मोजतात, त्याला पीसीयू म्हणतात. गावाकडच्या मोकळ्या रस्त्यांसाठी आयआरसीनं कार १ धरली, मोटरसायकल ०.५, ट्रक-बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि बैलगाडी ८. आठ! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, मग हंगामात कारखान्याच्या रस्त्याला बैलगाड्यांच्या मागं अडकलो आणि मग आठ हा आकडा कमीच वाटायला लागला.

आणि आता ती ट्रॉली. गळीत हंगाम सुरू झाला की महिन्या-दोन महिन्यांत रस्त्यांची चाळण, आणि आपण कंत्राटदाराला शिव्या घालतो. कंत्राटदार काही साधू नव्हे, पण फिजिक्सही बघा. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावरनं दिवसरात्र ट्रक पळवले, आणि त्यातनं निघालं की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताप्रमाणं वाढतं. म्हणजे एक्सलवर वजन दुप्पट केलं तर नुकसान दुप्पट नाही, १६ पट. नुसतं २० टक्के जास्त भरलं तरी १.२ चा चौथा घात, म्हणजे २.०७, नुकसान दुपटीच्या वर. दोन कांड्या जादा टाकल्या तर काय होतंय असं वाटतं, ते हे होतंय. एक्सल वाढवले की वजन वाटलं जातं, म्हणून मोठ्या ट्रकना चाकांच्या रांगा जास्त. आणि ट्रॉलीला तर बऱ्याचदा स्वतःचा ब्रेक धड नसतो, सगळी ट्रॉली ट्रॅक्टरच्या ब्रेकवर, आता वरचं घाटाचं गणित परत वाचा. मागं रिफ्लेक्टर नाही ही वेगळीच कथा.

हे सगळं शिकून नोकरी कुठं? शोरूमच्या वर्कशॉपात टेक्निशियन नाहीतर सर्व्हिस ॲडव्हायझर, हा सगळ्यात मोठा दरवाजा, सुरुवातीचा पगार ऐकून घरचे तोंड वाकडं करतात हेही सांगून टाकतो. ॲप्रेंटिसशिप करा, डिप्लोमावाल्यांना १९६१ च्या कायद्याप्रमाणं एक वर्षाची असते, एसटीच्या वर्कशॉपातही घेतात, आणि एसटीत शिकलेलं पोरगं डिझेलला कधी घाबरत नाही. आरटीओत सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायचं असेल तर ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो, एमपीएससीची परीक्षा असते, जागा निघतात तेव्हा निघतात, त्याच एका आशेवर बसू नये. दाजींना हे आरटीओचं सांगितल्यावर मात्र ते लगेच सरळ होऊन बसले, फोनबिन बाजूला.

आणि कोल्हापुरात अजून एक वाट आहे जी बाकीच्या गावांत एवढी सहज नाही, फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचे कारखाने. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित या औद्योगिक वसाहती, सगळीकडं कास्टिंग आणि मशीनिंग. सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, हाऊसिंग, कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या गाड्यांत इथलं लोखंड आहे. ब्रेक ड्रम बिडाचाच का करतात हे ज्याला माहीत आहे (बिडात ग्रॅफाइटच्या पापड्या असतात, त्या कंप शोषतात आणि उष्णता लवकर पसरवतात) आणि ज्याला ड्रॉइंग वाचता येतं, त्याला क्वालिटीत काम मिळतं.

इथंच इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्न येतो, कारण ईव्हीत सिलिंडर ब्लॉक नाही, पिस्टन नाही, क्लच नाही. फौंड्रीवाल्यांच्या चहाच्या टेबलावर हा विषय रोज असतो. ब्रेक आणि सस्पेंशन राहणारच, मोटरचं हाऊसिंग ॲल्युमिनियमचं लागणार, ट्रॅक्टर-पंप-जनरेटरचं इंजिन काही उद्या बंद होत नाही, पण ज्यानं फक्त इंजिन म्हणजेच ऑटोमोबाईल असं धरलंय त्याला पुढं जड जाईल असं माझं मत. कारमध्ये बॅटरी ३००-४०० व्होल्टची असते, डीसी ६० व्होल्टच्या वर गेला की तो धोक्याचा धरतात, म्हणून त्या वायरी नारिंगी रंगाच्या. १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालूनच सर्व्हिस प्लग (बॅटरीची मुख्य लाइन तोडणारा) काढायचा, तो काढला तरी कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत काही मिनिटं थांबायचं, मग मिटरनं शून्य बघायचं आणि मगच हात. इथं "बघतो की जरा हात लावून" चालत नाही. गॅरेजात शिकलेल्या आमच्या एका चांगल्या हाताच्या पोराला हे समजवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्याची आयुष्यभराची सवय १२ व्होल्टची.

आता कॉलेज बघायला जाताना. पहिलं म्हणजे ऑटोमोबाईल ब्रांच आहे का ते बघा, सगळीकडं नसते, नसेल तर मेकॅनिकल घ्या, लई काही बिघडत नाही, इंजिन आणि ट्रान्समिशन स्वतः वाचायचं. बारावी सायन्स किंवा आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला घेतात हेही लक्षात ठेवा, म्हणजे आयटीआय केलेल्या पोराचं वर्ष फुकट जात नाही. मग ऑफिसातल्या फोटोंवर जाऊ नका, लॅब दाखवा म्हणा. मी शिकलो तिथं कापून रंगवलेलं एक कार्बोरेटरचं इंजिन होतं, लाल-पिवळं-निळं, त्याच्यासमोर तीन वर्षं आमचे फोटो झाले, आणि इंजेक्शनची गाडी मी पहिल्यांदा उघडली ती ट्रेनिंगला गेल्यावर. अजूनही असं कुठं कुठं असेल. तर विचारा, चालू स्थितीतलं इंजेक्शनचं इंजिन आहे का, ईव्हीचं काही आहे का, ट्रेनिंगला पोरं कुठं पाठवता. आणि स्कॅनर आहे का विचारा. "आहे की" असंच म्हणतील. दाखवा म्हणा, आणि बॉक्सला अजून प्लास्टिक आहे का ते तेवढं बघा.